पहिल्या मजल्यावरचा नकार

४ जून

चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन हल्ली तुझ्या बाबांच्या उशाशी असतो आणि त्यांचे कान अजून ड्रिल मास्तरांचेच आहेत. मैदानाच्या त्या टोकाला कुणी कुजबुजलं तरी ऐकू जातं. म्हणून म्हटलं, लिहावं. तसंही फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो.

इथली मोठी बातमी म्हणजे आपली लिफ्ट गेली. आधी महिन्यातून दोनदा रुसायची, आता कायमची बसली. मेकॅनिक आला, वर यंत्राच्या खोलीत डोकावला आणि खाली येऊन रुमालाला हात पुसत म्हणाला, "आजी, हिला आता आराम द्या." मोटर, दोर, सगळंच बदलायचंय. चार मजले, चार घरं. सगळ्यांनी वाटून घेतलं तर कुणी रस्त्यावर येणार नाही. पण आपल्या इमारतीत चार घरांचं कधी कशावर जमलंय? जिन्यातला दिवा कोणत्या रंगाचा लावायचा यावर वर्ष काढलं होतं, आठवतं ना?

माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर मावशीकडे टेकते. तिचं शिवणाचं मशीन अजून दिवसभर धावतं. तुझ्या शाळेच्या चड्ड्यांना तिने किती वेळा नाडी घातली ते प्रत्येक वेळी सांगते. न्हावी घरीच येतो, वर चढण्याचे वेगळे मागतो.

बाबा ठीक. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे बँकवाले काका येतात आणि कॅरम मांडतात. काकांना काय खूळ लागलंय कोण जाणे, हल्ली डाव्या हाताने खेळतात. दोघंही डाव्या हाताने. सोंगट्या भोकात कमी आणि माझ्या कपाटाखाली जास्त जातात.

तब्येत सांभाळ. जावईबापूंना माझा नमस्कार सांग, त्यांना आवडत नसला तरी सांग.

आई

२६ जून

चिमणे,

म्हणजे मावशीने तुला सांगितलंच. तिच्यावर रागावले, मग तिच्याच मशीनपाशी बसून रडले.

हो, फेब्रुवारीत झालं. सकाळी दात घासताना बाबांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. जीभ जड झालीय. बोलतात, पण एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर येतो. दवाखान्यात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा दोनच शब्द निघाले, "तिला नको." तिला म्हणजे तुला कळवायला नको. मी समजले की राग अजून गेलेला नाही. सात वर्षांची होतीस तेव्हापासून पहाटे मैदानावर धावायला नेलं, आणि निवड चाचणीच्या तोंडावर तू बूट टाकून लग्न करते म्हणालीस. लग्नाला आले नाहीत, तोच राग असं मला वाटलं. म्हणून गप्प राहिले. तुझ्याशी खोटं बोलण्याचा मला सरावच नाही, बघ, पहिल्याच पत्रात डावा हात लिहून बसले.

लगेच निघते म्हणतेस. ये असं म्हणायला जीभ शिवशिवते, पण जरा थांब. लिफ्ट होऊ दे. दवाखान्यात चालायला शिकवतात, दोन दांड्यांच्या मध्ये उभं करून. तिथली मुलगी म्हणते की ते चालू शकतील, पण आताच, हे काही महिने हातचे गेले की गेले. मे महिन्यात लिफ्ट धड होती तेव्हा मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून कोपऱ्यापर्यंत नेलं होतं. नेमकी शाळा सुटली होती, गर्दी झाली, परत आलो. त्यानंतर खाली नाहीत. थोडे पायावर उभे राहू देत, मग ये. म्हणजे तुलाही बरं वाटेल.

रविवारी आपल्याकडेच सगळ्यांना बोलावलं. चहा केला. तळमजल्यावरचे दातवाले डॉक्टर म्हणाले, "माझे पेशंट तोंड उघडायला येतात, वर जायला येत नाहीत. मी कशाला देऊ?" ते अपेक्षितच होतं. मावशी म्हणाली, हप्त्याने देईन. मग मी काकांकडे वळले. त्यांचं मला गृहीतच होतं.

काका म्हणाले, "मी देणार नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "भाऊजी, का पण?"

"पहिल्या मजल्याला लिफ्ट लागत नाही, वहिनी."

"बरं, पैसे देऊ नका. तुमचा वाटा मी भरते. सही तरी करा." चारही घरांच्या सह्या असल्याशिवाय कंपनी कामाला हात लावत नाही.

"सहीही नाही."

माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीला टेकवलेल्या कॅरम बोर्डाकडे बघत होते. बाबा खुर्चीतच होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. वीस वर्षांपासूनचा मित्र तोंडावर नाही म्हणतो, ते लागलं असणार त्यांना. काका नाही म्हणाले म्हटल्यावर डॉक्टरांनी तर चहाचा कप ठेवून चपलाच शोधल्या.

आई

१९ जुलै

चिमणे,

तू पाठवलेले पैसे परत पाठवतेय. अडलंय ते पैशांपाशी नाही, सह्यांपाशी अडलंय.

गेल्या आठवड्यात दोन हमाल बोलावले. खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचं ठरवलं होतं. दारातून बाहेर काढलं आणि बाबांनी डाव्या हाताने कठडा धरला. असा धरला की दोन दणकट माणसांना सोडवेना. एक हमाल म्हणाला, "आजोबा, पाडाल आम्हाला." त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. परत आत आणलं. पाडायला घाबरतात असं मला वाटलं, आणि सगळा राग पहिल्या मजल्यावर उतरला.

दुसऱ्या दिवशी काका पत्रपेट्यांपाशी भेटले. मी ठरवून काही बोलले नाही, तोंडातून आपोआप निघालं.

"भाऊजी, रोज संध्याकाळी आमच्याकडे चहा पिता, तो गोड लागतो का तुम्हाला?"

"वहिनी, लिफ्टचं सोडून दुसरं काहीही बोला."

"दुसरं काय उरलंय बोलायला? तिकडे त्यांचा पाय वाळत चाललाय, आणि तुम्ही एक सही करत नाही. तुम्ही कसले मित्र? तुम्ही त्यांच्या मरणाची वाट बघताय."

काकू दारात उभ्या होत्या, हातात चाळणी. त्यांनी ऐकलं. त्या काही तरी बोलणार होत्या, पण काकांनी हात वर करून थांबवलं. मला म्हणाले, "येऊ नका म्हणत असाल तर येणार नाही."

"येऊ नका," मी म्हटलं.

तरी संध्याकाळी आले. तीच वेळ, तीच दोनदा बेल वाजवायची सवय. मी साखळी न काढता दार उघडलं, त्यांना बघितलं आणि लावून घेतलं. आत बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "कुणी नव्हतं." कॅरम बोर्ड माळ्यावर टाकला.

मी चुकले का गं? तू असतीस तर काय केलं असतंस? लिहू नकोस. मला ऐकायचं नाही.

आई

३० ऑगस्ट

चिमणे,

जिंकलो.

तक्रार केली होती ते तुला सांगितलं नव्हतं. इमारतींच्या तक्रारी ऐकणारं सरकारी कार्यालय आहे, तिथे. बाकावर बसून बसून कंबर मोडली. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना मला माझी टेलिफोन खात्यातली नोकरी आठवली. आपणही लोकांना असंच फिरवायचो, त्याचं हे फळ.

सुनावणीला काका इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच आले. साहेबांनी विचारलं, "तुमचा आक्षेप काय?"

"काही नाही."

"मग खर्चाला नकार का?"

"तेही काही नाही, साहेब."

साहेब हसले. मला वाटलं, म्हातारा किती कोडगा! निकाल लागला की लिफ्ट सामाईक आहे, वापरो न वापरो, सगळ्यांनी हिस्सा द्यायचा आणि सही करायची. दातवाल्या डॉक्टरांनी तिथेच पाकीट काढलं आणि वर माझं अभिनंदनही केलं. काकांनी सही केली. पेन परत देताना म्हणाले, "वहिनी, मला जेवढं लांबवता आलं तेवढं लांबवलं." कसला निर्लज्जपणा हा, असं मनात म्हटलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, निदान हसतील. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थकले असतील.

संध्याकाळी फार शांत वाटतं घरात.

आई

२२ सप्टेंबर

चिमणे,

लिफ्ट सुरू झाली. आत आरसा आहे, रंगाचा वास अजून जात नाही. मजला आला की टुणकन वाजते. मावशी उगाचच दोनदा वरखाली करून आली.

मी बाबांचा पांढरा सदरा काढला, केस विंचरले, चाकाच्या खुर्चीत बसवलं. दवाखान्याची वेळ घेतली होती. लिफ्टचं दार उघडलं आणि त्यांनी डावा पाय चौकटीला लावला.

"नको."

"अहो, आता पायऱ्या नाहीत. कुणी उचलणार नाही. ही बघा, सरळ आत."

"नको. घरी."

मी ओरडले. संसारात कधी ओरडले नव्हते एवढी. मावशी वर धावत आली. मी म्हटलं, तुमच्यासाठी मी लोकांचे पाय धरले, लोकांना शिव्या घातल्या, कचेऱ्या झिजवल्या, आणि तुम्ही नको म्हणता? ते माझ्याकडे बघत राहिले. पाय काही काढला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, आणि त्याच्यानंतर मी विचारणं सोडलं.

काल भाजी घेऊन वर येताना आरशात बघितलं, तर ही कोण बाई असं झालं.

तुला म्हटलं होतं, लिफ्ट झाली की ये. आता कोणतं कारण सांगू ते मला सुचत नाही. थोडं थांब, एवढंच.

आई

११ ऑक्टोबर

चिमणे,

बँकवाले काका गेले. परवा सकाळी. काकू चहा घेऊन गेल्या तर उठलेच नाहीत.

मावशीने वर येऊन सांगितलं तेव्हा मी गॅससमोर होते. पहिला विचार माझ्या मनात काय आला सांगू? आता यांना कसं सांगायचं. दुसरा विचार, माझे शब्द. मरणाची वाट बघताय.

सांगितलं. बाबा म्हणाले, "खाली."

मला कळलं नाही. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "सदरा. खाली."

ज्या लिफ्टसाठी मी सगळं केलं, तिच्यात ते असे बसले. आरशात बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खाली दारात गाडी उभी होती, रस्ता भरला होता. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं होती, आता पोटं सुटलेली, केस पिकलेली. बाबांना बघून एकेक जण ताठ उभा राहिला, जुन्या सवयीने. बाबांच्या ओठाच्या कडेने लाळ येत होती. मी रुमाल काढला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तसेच सगळ्यांच्या समोर काकांपाशी गेले. डावा हात त्यांच्या कपाळावर ठेवला आणि काकूंकडे बघून म्हणाले, "मी. मी सांगितलं होतं."

काकूंनी मान हलवली. मला तेव्हाही कळलं नाही.

घरी आल्यावर विचारलं. सांगायला त्यांना सगळी संध्याकाळ लागली. मी तुला सलग सांगते. मे महिन्यात कोपऱ्यावर गेलो होतो, शाळा सुटली होती, असं मी लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नव्हतं. दोन मुलांनी यांना ओळखलं आणि कौतुकाने ओरडली, "सर, अटेन्शन!" त्यात वाईट काही नव्हतं. आणि हे उभे राहायला गेले. रस्त्यात पडले. मुलं घाबरून पळाली. मी उचललं, घरी आणलं, मला ते विसरल्यासारखं वाटलं. ते विसरले नव्हते. जूनमध्ये लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं. काकांकडून त्यांनी वचन घेतलं की लिफ्ट होऊ द्यायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, सही करायची नाही, आणि हिला सांगायचं नाही. काका म्हणाले होते, अरे, वहिनी मला फाडून खातील. यांनी म्हटलं, "माझ्यासाठी."

मी विचारलं, "मी त्यांना दारातून हाकललं तेव्हा तुम्ही आत बसला होता. बेल ऐकलीत. एक शब्द बोलायचा होता. का नाही बोललात?"

ते म्हणाले, "लाज."

आणि थोड्या वेळाने, मी न विचारताच, "चिमणी धावायची. मी असा." मग परत, "तिला नको." मी राग समजत होते गं. आठ महिने मी त्याला राग समजत होते, आणि तुलाही तेच सांगत होते.

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. स्वतःवर चिडायचं, तर पुरेसं जमत नाही.

आई

५ नोव्हेंबर

चिमणे,

सोमवारी येतेस ते वाचलं. ये. या वेळी मी बाबांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "एकटी?" मी म्हटलं, "नाही, दोघं." तर मान हलवली. त्यांना बघून दचकू नकोस, आणि दचकलीस तर दचकू दे, लपवू नकोस. लपवालपवी या घरात पुष्कळ झाली. दवाखान्यात आता जातात. तिथली मुलगी म्हणाली, "आधी आणायला हवं होतं." काठीने दारापर्यंत येतील कदाचित, त्यापुढचं ती सांगत नाही.

काकूंकडे मी तीनदा गेले. दोनदा त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "वहिनी, मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं, ताई," त्या म्हणाल्या. "मी यांना रोज म्हणायची, सांगून टाका, कशाला ऐकून घेता? हे म्हणायचे, त्याने शब्द घेतलाय. आणि म्हणायचे, वहिनींना कुणावर तरी चिडायला हवंच आहे, नवऱ्यावर चिडता येत नाही, तर माझ्यावर चिडू देत."

मी त्यांचे हात धरले. त्यांनी सोडवले नाहीत, पण धरलेही नाहीत.

"पत्रपेट्यांपाशी बोललात ना, त्या दिवशी हे जेवले नाहीत. तरी संध्याकाळी वर गेले तुमच्याकडे. मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणाले, तो वाट बघत असेल." मग त्यांनी हात काढून पदराला पुसले. "तुमच्यावर राग नाही असं म्हणावंसं वाटतं मला. अजून म्हणता येत नाही."

त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे कायमचं बोलावलंय. घर विकायला काढलं. आज सकाळी निघाल्या. खाली गाडी आली होती, मुलगी पुढे जाऊन सामान लावत होती. काकूंच्या हातात एक मोठी बॅग उरली होती, त्यांना न पेलणारी. मी आधीच लिफ्ट पहिल्या मजल्यावर आणून दार धरून उभी होते. म्हटलं, "या वहिनी, जड आहे."

त्यांनी दाराकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बॅग दोन्ही हातांनी उचलली आणि जिन्याला लागल्या. एकेक पायरी थांबत, कठड्याला टेकत. बॅग प्रत्येक पायरीवर आपटत होती. मला धावत जाऊन दुसरा बंद धरता आला असता. पण त्यांनी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता त्यांच्या बाजूला जाण्याचा हक्क मला उरला नव्हता. गाडीचं दार लागलेलं ऐकू आलं, तरी मी लिफ्टचं दार धरूनच उभी होते.

आई